गुच्छासोबतचा फोटो

दुकानावर पाटी फुलांच्या गुच्छांची होती, पण गावात दुकानदाराला सगळे 'स्टुडिओ'च म्हणत. वीस-बावीस वर्षं त्याच जागेत त्याचा फोटो स्टुडिओ होता. मग ज्याच्या त्याच्या खिशात कॅमेरा आला आणि लोक पासपोर्टचा फोटोसुद्धा घरच्या भिंतीला पाठ लावून काढायला लागले. दोन वर्षं त्याने दुकानात बसून माशा मारल्या. शेवटी बायको म्हणाली, अंधाऱ्या खोलीत फोटो धुवायचे दिवस गेले, आता तिथे थंड कपाट बसवू आणि फुलं ठेवू. तो तोंड वाकडं करत का होईना, पण तयार झाला. धंदा बदलला, नाव काही बदललं नाही. दारात उभा राहिला की आतली मंडळी ओरडत, "स्टुडिओ आला गं, फुलं घेऊन."

गुच्छांचा धंदा या गावात चालेल असं कुणाला वाटलं नव्हतं. पण गाव असं होतं की शिकलेलं पोर पहिल्या पगाराला गावात नसायचं. मागे उरले ते आईबाप, आजारी काका, एकटी आत्या. बाहेर गेलेल्यांना वाढदिवस आठवायचे, कधी कधी नुसतंच अपराधी वाटायचं, आणि मग स्टुडिओचा फोन वाजायचा. ही माया फुलं होऊन पहाटेच्या बसने यायची, टपावरच्या खोक्यात, बर्फाच्या पिशव्यांच्या शेजारी. खोकं फोडायचं, गुलाबाची खालची पानं ओरबाडायची, देठ पाण्यात धरून तिरके कापायचे, दुपारपर्यंत बादलीत उभे करायचे, मग ओल्या स्पंजात खोचून कागद गुंडाळायचा. रिबन बायको बांधायची. तिची गाठ सुटता सुटायची नाही. चिठ्ठी मात्र स्टुडिओ स्वतः लिहायचा, कारण त्याचं अक्षर चांगलं होतं आणि ते त्याला माहीत होतं.

गुच्छ पोचला याचा पुरावा म्हणून पाठवणाऱ्याला फोटो हवा असे. शेजारच्या मोठ्या गावातला दुकानदार दारातच गुच्छ हातात कोंबून फोटो काढी आणि पळे. त्यातली माणसं चोरी करताना सापडल्यासारखी दिसत. स्टुडिओला हे जमणं शक्य नव्हतं. तो चपला काढून आत जायचा. पडदा सरकवायचा, खुर्ची खिडकीशी ओढायचा, भिंतीवरचं कॅलेंडर उतरवायचा, आणि म्हणायचा, हनुवटी जरा वर, डावीकडे, आता माझ्याकडे बघू नका, फुलांकडे बघा. मग काहीतरी चावट बोलायचा, समोरचा हसायचा आणि फोटो निघायचा. लकव्याने तोंड वाकडं झालेल्या मास्तरांना त्याने असं बसवलं होतं की त्यांच्या मुलीला फोटोत काही कळलं नाही. ऑर्डरी फुलांसाठी नव्हे, फोटोसाठी येतात हे बायको जाणून होती. त्याला मात्र त्यात एकच गोष्ट कळत होती. आपल्या हातून वाईट फोटो गेला नाही.

नर्सबाईंच्या घरी तो दर महिन्याच्या दहा तारखेला जायचा.

छत्तीस वर्षं बाईंनी गावच्या दवाखान्यात बाळंतपणं केली होती. निम्मं गाव त्यांच्या हातात पहिल्यांदा रडलं होतं. स्टुडिओच्या दोन्ही मुलीसुद्धा. नवरा लवकर गेला, मुलगा एकच. मुलगा हुशार निघाला आणि हुशार मुलं जातात तिथे गेला, दोन विमानं आणि एक अख्ख्या दिवसाची बस, इतक्या लांब. पाच वर्षांपूर्वी तो आठ दिवस येऊन गेला होता. मग येणं राहिलं, आणि अडीच वर्षांपूर्वी गुच्छ सुरू झाला. पहिला गुच्छ बघून बाई म्हणाल्या होत्या, "अरे, मी गेले की काय? मला कुणी कळवलं नाही ते." फुलं त्यांनी बादलीत ठेवली. बाईंच्या घरात फुलदाणी नव्हती, नर्सला कोण फुलं देतं.

रविवारी मुलाचा फोन येई. बाईंकडे बटणांचा जुना फोन होता. चेहरा दिसणारा फोन मुलाने एकदा पाठवला होता, तो कपाटात पडून होता. बाई म्हणत, बोटाला कळत नाही काचेवर कुठे दाबायचं ते. रविवारच्या फोनवर बाईंचं उत्तर ठरलेलं, मी ठणठणीत आहे, तू जेवलास का. दुसऱ्यांची दुखणी ऐकण्यात जन्म गेला, आता आपलं रडगाणं कुणापुढे गायचं नाही, असा त्यांचा हिशेब. शेजारणीला त्यांनी सक्त बजावलं होतं की मुलाला काही कळवलंस तर तुझं तोंड बघणार नाही. शेजारीण त्यांना घाबरायची. सगळं गावच घाबरायचं.

कळवण्यासारखं खूप होतं. गेल्या वर्षभरात बाईंचं हृदय थकलं होतं. पावलं सुजत, धाप लागे, अंगावरचं मांस उतरत चाललं होतं. दवाखान्यातला नवा डॉक्टर गोड बोलून काहीतरी समजावायला लागला, तेव्हा बाईंनीच त्याला मधे थांबवून पुढचं सांगितलं. किती महिने तेही.

त्या सुमाराची एक दहा तारीख. स्टुडिओ गुच्छ घेऊन गेला तर बाईंनी दार उघडलं ते दात न घालता. केस विंचरलेले नव्हते, अंगावर घरातला विटका झगा. इतक्या वर्षांत त्याने बाईंना असं कधी बघितलं नव्हतं.

बाई, दात कुठे आहेत, असं त्याने विचारलं. बाई म्हणाल्या, राहू दे, काढ असाच. आता हे म्हणजे सोनाराला सांगायचं की दागिन्यावर डाग राहू दे. त्याने मोरीतल्या वाटीतले दात स्वतः धुऊन आणले, फणी शोधली, कपाटातली निळी शाल त्यांच्या खांद्यावर टाकली. "असा फोटो माझ्या हातून जायचा नाही, बाई," तो म्हणाला. बाईंनी त्याच्याकडे जरा वेळ बघितलं, मग दात घातले. त्याने डॉक्टरची नक्कल केली. बाईंना हसू आवरलं नाही आणि त्याने बटण दाबलं. फोटो फार सुरेख आला.

पुढच्या महिन्यात बाईंनी खुर्चीशेजारच्या टेबलावर औषधांच्या बाटल्या ओळीने मांडून ठेवल्या होत्या. त्याने त्या उचलून खिडकीखाली ठेवल्या. त्याच्या पुढच्या महिन्यात बाई स्टुलावर पाय पसरून बसल्या होत्या, सुजलेली पावलं उघडी. त्याने गुच्छ मांडीवर असा ठेवला की लांब पानं खाली लोंबून पावलं झाकली गेली, आणि घरी येऊन बायकोला सांगितलं की नर्सबाईंचा गुच्छ यापुढे जरा मोठा करत जा, त्या वाळल्यात, भरलेलं दिसलं पाहिजे. मग एकदा त्या पलंगावरून उठल्याच नाहीत. त्याने हाताला धरून त्यांना खिडकीशी आणलं. चार पावलांना पाच मिनिटं लागली. फोटोत त्या उन्हाची मजा घेत बसल्यासारख्या दिसत होत्या.

दर वेळी बाई विचारत, गेला का फोटो. आणि काय म्हणाला. मुलाचं उत्तर तासाभरात यायचं, स्टुडिओ ते दुसऱ्या दिवशी येता जाता सांगायचा. म्हणाला, आई एकदम ताजीतवानी दिसते. म्हणाला, आईचं वय मागे चाललंय. बाई "बरं" म्हणत आणि दार लावून घे म्हणत. त्या 'बरं'मध्ये त्याला समाधान ऐकू यायचं. माणसाला जे ऐकायचं असतं ते ऐकू येतं, त्याला कानाचा दोष म्हणता येत नाही.

बायकोला त्या घरात न जाताही वास आला होता. "तुम्ही दर महिन्याला बाईंना नवरी करून पाठवता," ती रिबन कापता कापता म्हणाली. "त्या पोराने तिकीट काढावं तरी कशाला?" तो चिडला. परक्या देशात एकटं पोर, त्याच्या जिवाला घोर कशाला लावायचा, असं बरंच काही बोलला.

मग ती दहा तारीख आली. खोक्यात त्या दिवशी पिवळे गुलाब फार चांगले आले होते. तो बाईंच्या घरी पोचला तर दार शेजारणीने उघडलं आणि ती लगेच गेली. बाई पलंगावर होत्या, तीन उशांना टेकून, कारण आडवं झालं की श्वास कोंडायचा. खोलीला औषधांचा आणि न धुतलेल्या चादरीचा वास होता. त्याने गुच्छ खुर्चीवर ठेवला आणि सवयीने फणी शोधायला वळला.

"स्टुडिओ, बस," बाई म्हणाल्या.

तो बसला.

"मी दात काढून ठेवते, तू घालतोस. मी औषधं मांडते, तू उचलतोस." एकेका वाक्यानंतर त्या श्वासासाठी थांबत होत्या. "अरे, त्याला दिसावं म्हणून मांडते ना मी."

मग तो घाईने म्हणाला की बाई, मग सांगा ना त्याला, मी आत्ता फोन लावतो, मी सांगतो.

"नाही. बोलावल्यावर तो येईल, माझा मुलगा वाईट नाही. पण मला बोलावून यायला नको होता. त्याने आईकडे बघावं, त्याला कळावं, आणि आपण होऊन निघावं. एवढं एकच बघायचं होतं मला. वर्षभर बसले दर महिन्याला तुझ्यासमोर." मग म्हणाल्या, "फार दिवस नाहीत आता. मला मोजता येतं. एक फोटो नीट काढ."

गेल्या वर्षभरातली प्रत्येक दहा तारीख स्टुडिओच्या डोळ्यासमोरून गेली आणि प्रत्येकीत तो स्वतःच हसत, नकला करत, या बाईला तिच्या मुलापासून लपवत होता. तिने दाराला हात घालावा आणि त्याने बाहेरून कडी लावावी, असं बारा वेळा. माफी मागावी असं त्याला वाटलं, पण बाईंना माफी ऐकायला वेळ नव्हता.

त्याने पडदा सरकवला नाही. काही उचललं नाही, काही झाकलं नाही. गुच्छ त्यांच्या शेजारी ठेवला तसा तो कलंडला, तो त्याने सरळ केला नाही. बसलेली गालफडं, निळे पडलेले ओठ, मानेची शीर उडत असलेली, डोळे सरळ कॅमेऱ्यात. बाई जशा होत्या तशा आल्या. पायरीवर उभं राहूनच त्याने फोटो मुलाला पाठवला.

उत्तर तासाभराने आलं. तो दुकानात शेवंतीची पानं काढत होता. ओल्या हातानेच त्याने वाचलं.

"काका, गुच्छ चुकीच्या घरी गेला वाटतं. या कोणी दुसऱ्याच आजी आहेत. पत्ता परत एकदा बघाल का? आईला आजच मिळू दे प्लीज."

त्याने फोन बायकोपुढे धरला. तिने ते वाचलं आणि हातातली रिबन खाली ठेवली.

त्याने मुलाला फोन लावला. पत्ता बरोबर आहे, ती तुझी आईच आहे, असं सांगितलं. पलीकडे मुलगा हसल्यासारखं करून म्हणाला, "मग फोटो बिघडलाय, काका. मागच्या महिन्यातला काय छान होता. रविवारीच बोललो आम्ही, ठणठणीत आहे ती. उद्या परत एक काढा ना, तुमचा हात कधी चुकत नाही." स्टुडिओच्या जिभेवर आलं होतं की ये, आत्ता ये. पण बोलवायचं नाही हा बाईंचा शब्द मधे आडवा पडला. फोटो बिघडलेला नाही, परत एकदा नीट बघ, एवढंच तो दोनदा म्हणाला. मुलाला कामाला जायचं होतं. बघतो म्हणाला.

रात्रभर स्टुडिओच्या डोळ्याला डोळा नाही. सकाळपर्यंत उत्तर आलं नव्हतं. दुकान बायकोवर टाकून तो बाईंकडे गेला. बाई जाग्या होत्या. दारात त्याची सावली पडताच त्यांनी मान वळवली.

"बघितला त्याने?"

तो त्यांच्या पायाशी उभा राहिला. तुमच्या मुलाने तुम्हाला ओळखलं नाही, हे वाक्य कुठल्या तोंडाने बोलायचं असतं ते त्याला माहीत नव्हतं. छत्तीस वर्षं लोकांना खरं सांगत आलेल्या त्या बाईच्या डोळ्यांत बघून तो म्हणाला, "बघितला. दुसरं काही बोललाच नाही, बाई. लगेच निघतो म्हणाला. तिकीट काढलं त्याने."

बाईंनी डोळे मिटले. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघायला खोलीत दुसरं कुणी नव्हतं, आणि स्टुडिओच्या खिशात फोन असून त्याला तो काढावासा वाटला नाही. मग त्या म्हणाल्या, "फणी दे ती. आणि दात धुऊन आण. पोर एवढ्या लांबून यायचा, त्याला असं नको दिसायला."

त्याने दात धुऊन आणले. केस विंचरताना बाईंचा हात वर जाईना, तेव्हा त्यानेच विंचरले. शाल घातली, पडदा सरकवला. हे सगळं त्याने याआधी कितीदा केलं होतं, पण बाईंनी ते आज पहिल्यांदा मागितलं होतं. बाहेर पडून तो गल्लीच्या तोंडाशी गेला, तिथल्या भिंतीला डोकं टेकून उभा राहिला आणि मग मुलाला फोन लावला. आता बाईंचा शब्द वगैरे काही राहिलं नव्हतं. तुझी आई चालली, पहिलं मिळेल ते विमान पकड, आणि आल्यावर तिला सांग की फोटो बघूनच निघालो, मी फोन केला हे तिला कळता कामा नये, असं तो एका दमात बोलला. मुलगा रडायला लागला. त्याच संध्याकाळी तो निघाला.

दोन विमानं आणि एक बस. बाई पहिला दिवस उशांना टेकून दाराकडे बघत होत्या. दुसऱ्या दिवशी शेजारणीला म्हणाल्या, आपणहून येतोय बरं का, मी बोलावलं नाही. ते त्या दिवसात चार वेळा म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप घेऊन शेजारीण आत गेली, तेव्हा सगळं आटोपलं होतं. मुलगा दुपारच्या बसने उतरला.

खोलीत गेल्यावर तो आईजवळ बसला. केस विंचरलेले, दात घातलेले, अंगावर निळी शाल, खिडकीतलं ऊन तोंडावर. पिवळे गुलाब बादलीत अजून टवटवीत होते, बायकोने देठ चांगले कापले होते. मुलाने आईच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाला, फोटोत दिसायची तशीच आहे. भेटायला आलेली माणसंही तेच म्हणत होती. बाई गेल्या पण शेवटपर्यंत तेज होतं, कुणाला त्रास दिला नाही, स्वतःला करून घेतला नाही. स्टुडिओ भिंतीशी उभा राहून ऐकत होता.

सगळं उरकल्यावर, परत जाण्याच्या आदल्या दिवशी, मुलगा दुकानात आला. आभार मानायला आला होता. काका, तुमचे फोटो नसते तर ही वर्षं मला तिकडे काढता आली नसती, असं म्हणाला. ते बोलणं ऐकताना स्टुडिओला वाटलं, याने आपल्या कानाखाली वाजवली असती तर बरं झालं असतं. बायको आत निघून गेली.

मग मुलाने खाली बघत विचारलं, "काका, एक खरं सांगा. तिने कधी मला बोलवा म्हणून सांगितलं होतं का?"

स्टुडिओने तोंड उघडलं. सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं, दातांपासून. या पोराला उद्या दोन विमानं एकट्याने काढायची होती.

"नाही," तो म्हणाला. आणि हे तर खरंच होतं.

मुलाने सुटकेचा श्वास टाकला. मला वाटलंच, म्हणाला, लागलं असतं तर ती बोलली असती. त्याने खिशातून फोन काढला आणि बोटाने फोटो मागे सारत राहिला, एकामागून एक, प्रत्येकात आई फुलांमागून हसत होती. शेवटच्या फोटोवर त्याचं बोट थांबलं. तीन उशा, निळे ओठ, सरळ त्याच्याकडे बघणारे डोळे. त्याने तो स्टुडिओला दाखवला.

"हा एक काढून टाकतो, काका," तो म्हणाला. "यात ती माझी आई वाटतच नाही."

त्याने तो पुसला, फोन खिशात ठेवला आणि वाकून नमस्कार केला. स्टुडिओने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि नीट जा म्हणाला.